सहा मिनिटांचे चालणे आणि उरलेला दिवस

एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनी प्रबंधाचा विषय घेऊन येतात तेव्हा बहुतेकींच्या कागदावर मथळा जवळजवळ तयारच असतो: अमुक आजाराच्या रुग्णांच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाचा होणारा परिणाम. पूर्वचाचणी घ्यायची, तक्ते दाखवून माहिती द्यायची, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची आणि गुण वाढले की निष्कर्ष लिहून मोकळे व्हायचे. गुण वाढणारच, उत्तरे आपणच सांगितलेली असतात. रोज चालावे हे रुग्णाला ठाऊक झाले, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो खरोखर चालू लागला का, आणि त्यामुळे त्याला स्वतःची अंघोळ स्वतः करता येऊ लागली का, हे प्रश्न प्रबंधाबाहेरच राहतात. माझ्या मते दीर्घकालीन आजारांच्या बाबतीत परिचर्या संशोधनाचा खरा विषय तोच आहे. पुरेसे बळ, इच्छा आणि ज्ञान असते तर माणसाने जे स्वतःचे स्वतः केले असते, त्यासाठी त्याला साहाय्य करणे म्हणजे परिचर्या, अशी अमेरिकन परिचारिका आणि अभ्यासक व्हर्जिनिया हेंडरसन यांची व्याख्या आपण पहिल्या वर्षाला पाठ करून घेतो. त्या तीन गोष्टींपैकी आपले प्रबंध मात्र तिसरीच उचलतात, कदाचित ती कागदावर मोजायला सोपी म्हणून.

दैनंदिन कार्यक्षमता मोजण्याची साधने उपलब्ध नाहीत, अशी सबब सांगता येणार नाही. कॅट्झ यांचा निर्देशांक १९६३ चा, बार्थेल निर्देशांक १९६५ चा, तर लॉटन आणि ब्रॉडी यांची घरकाम, खरेदी, औषधे, पैशांचे व्यवहार यांविषयीची श्रेणी १९६९ ची आहे. बार्थेलमध्ये जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, जिना चढणे अशा दहा बाबींना मिळून शंभर गुण असतात आणि वॉर्डातील कोणतीही परिचारिका तो तक्ता काही मिनिटांत भरू शकते. अडचण निराळीच आहे. त्यात जमिनीवर बसून उठणे नाही, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे नाही, बादली उचलणे नाही. गुडघे आणि दम या दोहोंनी गांजलेल्या आमच्याकडच्या बाईला शंभरपैकी नव्वद गुण पडतात, आणि तिला विचारावे तर ती म्हणते की देवासमोर बसले तर उठवायला कोणीतरी लागते. हरियाणातील बल्लभगढ येथे वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करताना संशोधकांसमोर हाच प्रश्न होता. तेथील बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते आणि पाश्चात्त्य श्रेणीतील कितीतरी कामे त्यांच्या आयुष्यात नव्हतीच. म्हणून त्यांनी गावातल्या जगण्याला धरून नवी श्रेणी तयार केली आणि ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. परक्या श्रेणीचे केवळ भाषांतर करून ती वापरायला घेणाऱ्यांनी एवढे कष्ट एकदा तरी घ्यावेत.

त्याहून नाजूक गोष्ट घरातल्या माणसांची आहे. बार्थेलचा नियम असा की रुग्ण काय करू शकेल ते न नोंदवता तो प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवावे. नियम योग्यच आहे. परंतु आपल्या घरांत न करण्याची कारणे निरनिराळी असतात आणि तक्त्यात ती सगळी एकाच रकान्यात जाऊन पडतात. ‘आईंना आम्ही काही करू देत नाही, त्यांनी नुसता आराम करायचा,’ असे सून मोठ्या प्रेमाने सांगते, आणि आई मान डोलावतात. त्यांना दम लागतो म्हणून त्यांनी काम सोडले, की काम सोडल्यामुळे पायातले बळ गेले आणि मग दम अधिकच लागू लागला? सीओपीडीत, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन कायमची धाप लावणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात, हे चक्र नेहमीचे आहे: धाप लागते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून मांड्यांचे स्नायू रोडावतात, आणि रोडावलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो. प्रेमापोटी दिलेली विश्रांती या चक्राला हातभार लावते. (लॉटन आणि ब्रॉडी यांच्या मूळ श्रेणीत पुरुषांच्या गुणांत स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे धरलेच जात नव्हते. १९६९ सालच्या अमेरिकेला यावरून नावे ठेवण्याआधी आपण आपल्या स्वयंपाकघरात डोकावलेले बरे.)

आता सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीकडे, म्हणजे तेवढ्या वेळात रुग्ण किती अंतर चालतो ते मोजण्याकडे येते, कारण शारीरिक क्षमता मोजायची म्हटली की विद्यार्थिनी तिच्याकडेच वळतात. श्वसनाच्या रुग्णांसाठी आधी बारा मिनिटांची चाचणी होती. १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाचण्यांची तुलना झाली आणि सहा मिनिटांची पुढे रूढ झाली. २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिची कार्यपद्धती ठरवून दिली: तीस मीटरचा सपाट, मोकळा कॉरिडॉर, दोन टोकांना शंकू, लागली तर बसायला खुर्ची आणि दर मिनिटाला रुग्णाला ऐकवायची ठरावीक वाक्ये. रुग्णाच्या बरोबरीने चालायचे नाही, कारण मग वेग तुमचा होतो, त्याचा राहत नाही. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात आपल्या बहुतेक रुग्णालयांत तीस मीटरचा मोकळा कॉरिडॉर मिळणे हीच पहिली परीक्षा असते. ट्रॉली, नातेवाइकांच्या पिशव्या, भिंतीला टेकून डबा खाणारी माणसे, आणि मध्येच ‘सिस्टर, एक्स-रे कुठे?’ म्हणून वाट अडवणारे कोणीतरी. आजी चप्पल काढून, पदर खोचून उभ्या राहतात, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे संशयाने पाहतात आणि पहिल्याच फेरीत गाडी सुटत असल्यासारख्या निघतात.

ठरावीक वाक्यांचा आग्रह कशासाठी, असे विद्यार्थिनी विचारतात. १९८४ मध्ये फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या शाब्दिक प्रोत्साहनाने अंतर सरासरी तीस मीटरने वाढलेले आढळले. आज श्वसनाच्या रुग्णांत अर्थपूर्ण सुधारणा मानण्यासाठी साधारण तेवढाच फरक पुरेसा धरला जातो. म्हणजे पूर्वचाचणीला कंटाळलेली आणि उत्तरचाचणीला उत्साहात असलेली परिचारिका केवळ आवाजाच्या जोरावर आपला उपक्रम यशस्वी ठरवू शकते. प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात चाचणी कोणी घेतली, कोणत्या शब्दांत सूचना दिल्या हे लिहिलेले नसेल, तर मी पुढचे तक्ते वाचत नाही.

तरीही चाचणी नीट झाली म्हणजे दिवस मोजला, असे होत नाही. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे फाबियो पिट्टा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांच्या अंगावर हालचाल नोंदवणारी उपकरणे बसवून त्यांचा दिवस पाहिला. रुग्ण दिवसाला सरासरी ४४ मिनिटे चालत होते, तर त्याच वयाचे निरोगी लोक ८१ मिनिटे. त्याच गटाने २००८ मध्ये दाखवले की व्यायामाच्या कार्यक्रमात तीन महिन्यांनी क्षमता वाढली होती, पण रोजच्या चालण्यात लक्षणीय वाढ दिसायला सहा महिने लागले. शरीर तयार झाले तरी सवय मागे रेंगाळते. आपले प्रबंध मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकामुळे काही आठवड्यांतच आटोपतात आणि त्यात जो काळ खरोखर पाहण्यासारखा असतो, तोच निसटतो.

घरी जाऊन पाहिले की आणखी काही कळते. धूम्रपान कधीच न केलेली, पण आयुष्यभर चुलीच्या धुरापुढे बसलेली सीओपीडीची एक रुग्ण बाई कॉरिडॉरमध्ये बरी चालली होती. घरी मात्र धुणे वाळत घालताना दोन साड्यांनंतर ती खांबाला धरून उभी राहिली. दोरी डोक्याच्या वर होती. हात वर धरले की छातीच्या पिंजऱ्याला लागलेले खांद्याचे आणि मानेचे स्नायू हातांना आधार देण्यात गुंततात, आणि याच स्नायूंवर अशा रुग्णाचा श्वास बराचसा टेकलेला असतो. हाताच्या कामाने श्वासाची लय बिघडते, हे सेली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच दाखवले होते. तिच्या मुलाने दोरी छातीच्या उंचीवर बांधली. पिळलेले कपडे स्टुलावर ठेवून, ओठांचा चंबू करून श्वास सोडताना एकेक कपडा टाकायला ती शिकली. घरच्यांनी काम काढून घेण्याऐवजी दोरी खाली आणली, हा उपाय कोणत्याही औषधचिठ्ठीत नसतो आणि बार्थेलच्या गुणांत त्याने अर्ध्याचाही फरक पडत नाही.

परिचारिकेच्या हाताने काय साधू शकते याचा मला आवडणारा दाखला इटलीतील डायलिसिसच्या रुग्णांचा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २९६ रुग्ण होते. व्यायामाच्या गटाला प्रत्येकाच्या कुवतीनुसार बेतलेले घरच्या घरी चालणे सांगितले होते आणि त्यावर देखरेख डायलिसिस केंद्रातील कर्मचाऱ्यांचीच होती. सहा महिन्यांत त्या गटाचे सहा मिनिटांतील अंतर ३२८ वरून ३६७ मीटरवर गेले. दुसऱ्या गटाचे जवळपास होते तेवढेच राहिले. जिमखाना नाही, महागडे यंत्र नाही. आठवड्यात दोन-तीनदा चार तास खाटेवर असणाऱ्या रुग्णाला त्याच सिस्टर पुन्हा भेटतात आणि ‘काल किती चाललात?’ असे विचारतात, एवढी सोय आपल्या तालुक्याच्या केंद्रातही आहे.

म्हणून यंदा विषय घेऊन येणाऱ्यांना मी सांगते आहे की ज्ञानाची प्रश्नावली ठेवायची तर ठेवा, पण तिच्यासोबत घरच्या कामांची यादी रुग्णाच्याच तोंडून घ्या: पाणी भरणे, धुणे, जमिनीवरून उठणे, बाजार, नातवाला शाळेत सोडणे. प्रत्येक कामापुढे तीन रकाने करा: करते, जमत नाही, करू देत नाहीत. तिसऱ्या रकान्यासाठी घरच्यांशीही वेगळे बोला, शक्यतो रुग्ण समोर नसताना. मार्गदर्शक समितीत कोणी विचारेल की ही श्रेणी प्रमाणित आहे का. तेव्हा आधी वीस-पंचवीस रुग्णांवर तिची विश्वसनीयता तपासा आणि मग खुशाल सांगा की ती प्रमाणित करणे हाच प्रबंधाचा पहिला भाग आहे.