कॅब्रामॅटाचा बाजार

सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला डाळी, पोहे, ज्वारीचे पीठ आणि मसाले हवे असतील तर हॅरिस पार्क किंवा वेंटवर्थव्हिलची भारतीय दुकाने पुरेशी आहेत. पण कोवळी कारली, घोसाळी, केळफूल, आळूचे देठ, नाळीची भाजी किंवा सालासकट कापून दिलेली कोहळ्याची फोड हवी असेल, तर माझ्या मते कॅब्रामॅटाइतके चांगले ठिकाण या शहरात नाही. शहराच्या मध्यभागापासून सुमारे ३० किलोमीटर नैर्ऋत्येला असलेले हे उपनगर व्हिएतनामी वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. हॅरिस पार्कहून टी-फाइव्ह या रेल्वेमार्गाची गाडी मध्ये न बदलता थेट तिथे पोहोचवते. भारतातून पाहुणे आले की ऑपेरा हाउस आणि बॉन्डायचा किनारा ते आपले आपण पाहून येतात. कॅब्रामॅटाला मात्र आम्ही त्यांना स्वतः घेऊन जातो, आणि तेही सकाळी, रिकाम्या पिशव्या बरोबर घेऊन.

या वस्तीचा इतिहास ठाऊक असला की तिथले खाणे अधिक चांगले समजते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या स्थलांतरितांसाठी कॅब्रामॅटा आणि शेजारच्या विलावूड येथे सरकारी वसतिगृहे उभारलेली होती. १९७३ साली गोऱ्यांनाच प्राधान्य देणारे जुने स्थलांतर धोरण अखेर निकालात निघाले, ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावचा पाडाव झाला, आणि पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने तिथल्या निर्वासितांना मोठ्या संख्येने आश्रय देण्याचे ठरवल्यावर त्यांतले अनेकजण याच वसतिगृहांत उतरले. बाहेर पडल्यावर त्यांनी जवळपासच स्वस्त घरे पाहिली, कारखान्यांत कामे धरली आणि रेल्वे स्थानकाजवळच्या जॉन स्ट्रीटवर हळूहळू दुकाने थाटली. व्हिएतनामींबरोबर कंबोडियाचे आणि लाओसचे लोक आले, तसेच सायगावच्या चोलोन भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी वंशाची कुटुंबेही आली. म्हणून इथल्या एकाच गल्लीत नोम पेन्ह पद्धतीच्या शेवया, लाओसचे कच्च्या पपईचे तिखट सॅलड आणि काचेमागे टांगलेली भाजलेली बदके, असे सगळे आढळते. नव्वदच्या दशकात हेरॉइनच्या विक्रीमुळे आणि १९९४ साली स्थानिक आमदार जॉन न्यूमन यांच्या हत्येमुळे या उपनगराचे नाव फार बदनाम झाले होते. आजही काही जुने सिडनीकर तिथे जाण्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. मला त्याचे वाईट वाटते, कारण ज्या लोकांनी तो काळ सोसून आपली दुकाने चालू ठेवली, त्यांच्याच कष्टावर आजचा बाजार उभा आहे.

स्थानकातून बाहेर पडून फ्रीडम प्लाझाच्या कमानीकडे चालू लागले की भाजीची दुकाने सुरू होतात, आणि माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. पानांचे ढीग पाहून प्रथम काहीच ओळखू येत नाही. आपली कोथिंबीर आणि पुदिना सोडले, तर लांबट, करवती कडांची न्गो गाय, तिखटसर वासाची राउ राम आणि एका बाजूने हिरवी व दुसऱ्या बाजूने जांभळी असणारी तिआ तो ही पाने आपल्या स्वयंपाकात नसतात. व्हिएतनामी जेवणात ती चवीपुरती चिमूटभर घातली जात नाहीत. ताटभर कच्ची पाने समोर ठेवतात आणि प्रत्येकाने हवी तेवढी हाताने तोडून वाडग्यात घालायची असतात. दुकानांपुढच्या पदपथावर कधी कधी वयस्कर बायका आपल्या परसात पिकवलेल्या पानांच्या जुड्या, मिरच्या आणि लिंबे पुढ्यात मांडून बसतात. भाषेची अडचण असली तरी जुडी हातात घेऊन चुरगाळून वास दाखवणे आणि बोटांनी भाव सांगणे एवढ्यावर व्यवहार नीट होतो. मी शक्यतो त्यांच्याकडूनच घेतो, कारण ती पाने त्याच दिवशी सकाळी खुडलेली असतात.

सिडनीच्या थंडीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, भेंडी, कारली आणि चवळीच्या हातभर लांब शेंगा कुठून येतात याचे मला आश्चर्य वाटे. त्यांतला बराच माल उत्तरेकडच्या डार्विन परिसरातून येतो. दक्षिणेत हिवाळा असतो तेव्हा तिथे कोरडा, उबदार हंगाम असतो, आणि या भाज्या तिथे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांत व्हिएतनामी कुटुंबेच मोठ्या संख्येने आहेत. हजारो किलोमीटरचा प्रवास करून ही भाजी आपल्या घरात पोहोचते, तेव्हा तिचा भाव चढा का असतो हे समजते. स्वस्तात हवी असेल तर उन्हाळ्याची वाट पाहावी.

खाण्याकडे वळताना फोबद्दल, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेल्या रश्शाबद्दल, मी थोडक्यात लिहितो, कारण तो आता जगभर मिळतो. गोमांसाची हाडे तासन्‌तास उकळून केलेल्या त्या रश्शात चक्रीफूल, दालचिनी आणि आचेवर काळे होईपर्यंत भाजलेले कांदा व आले असते. खडा मसाला आणि भाजलेला कांदा यांचा तो वास मराठी नाकाला लगेच ओळखीचा वाटतो. बाहेरून येणारे बहुतेक लोक एक वाडगा फो खाऊन परततात. मला वाटते, त्यांनी एखादे जेवण तरी कोम तामसाठी राखून ठेवावे. कोम ताम म्हणजे तांदळाच्या कणीचा भात. गिरणीत तुटलेली कणी विकली जात नसे, म्हणून ती दक्षिण व्हिएतनाममधली गरीब शेतकरी माणसे खात, आणि पुढे सायगावने तिलाच आपल्या शहराची ओळख बनवले. आपल्याकडेही कणी हे गरिबाघरचे अन्न होते. कण्या शिजवून ताकाबरोबर खाणाऱ्या पिढीतली माणसे अजून आहेत. आपण मात्र तिला कधी पानात मानाची जागा दिली नाही. इथे त्याच कणीच्या मऊ, दाणेदार भातावर कांद्याची पात गरम तेलात घालून ओततात, शेजारी गवती चहा लावून निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, मुळा-गाजराचे आंबटगोड लोणचे आणि माशाच्या अर्काची पातळ चटणी देतात, आणि लोक त्यासाठी रांगेत उभे राहतात.

बान सेओ हा दुसरा पदार्थ कोकणातल्या वाचकांना आवडेल. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हळद यांचे पातळ मिश्रण तापलेल्या कढईत टाकून त्याच्या कडा कुरकुरीत करतात आणि आत कोळंबी, मोड आलेले मूग व मांस घालून दुमडतात. मग त्याचा तुकडा पानांत गुंडाळून चटणीत बुडवायचा. त्याच्याबरोबर कान्ह चुआ मागवावा: चिंचेच्या कोळाचे, अननस, टोमॅटो, भेंडी आणि आळूचे देठ घातलेले माशाचे सार. चिंच आणि आळू यांची जोडी आपल्या फदफद्यातही असते, पण तिच्याशी अननस आणि मासा जुळेल हे मला खाऊन पाहीपर्यंत पटले नव्हते.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मासे आणि मीठ लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून काढलेला नुओक माम हा अर्क इथे जवळजवळ सगळ्याच पदार्थांत असतो, अगदी साध्या परतलेल्या भाजीतही. पण व्हिएतनामी बौद्धांमध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांसमासे वर्ज्य करण्याची प्रथा आहे, आणि ज्या फलकावर ‘चाय’ असा शब्द असतो तिथले जेवण शाकाहारी असते. आमच्या आईसारख्या कांदा-लसूणही न खाणाऱ्या माणसाने तेवढे वेगळे विचारून घ्यावे. ‘चाय’चे नियम कडक पाळणाऱ्या जेवणात तेही वर्ज्य असते, त्यामुळे विचारणाऱ्याकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही. ताजा टोफू गवती चहा आणि मिरचीत परतलेला मिळतो, आणि आल्याच्या गरम पाकात घातलेला लुसलुशीत टोफू गोड म्हणूनही खातात.

गोडात मी ‘चे’ सुचवीन. मुगाची डाळ, साबुदाणा आणि नारळाचे दूध घालून केलेला त्याचा प्रकार गोव्याच्या मणगण्याच्या इतका जवळ जातो की आमच्या एका गोमंतकीय मैत्रिणीने पहिल्या चमच्यालाच आपल्या आजीचे नाव घेतले. उसाचा ताजा रसही मिळतो. त्यात आले-लिंबाऐवजी छोटी, आंबट कमक्वाट संत्री सालासकट पिळतात. बान मी, म्हणजे मांस-भाज्या भरलेले पाव, प्रवासासाठी उत्तम. फ्रेंचांनी व्हिएतनामला पाव दिला आणि पोर्तुगीजांनी गोव्याला. दोन्हीकडच्या लोकांनी तो इतका आपलासा केला की आता त्याच्याविना सकाळ होत नाही.

कोणत्या महिन्यात यावे असे विचाराल तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, तेत या चांद्र नववर्षाच्या आधीच्या आठवड्यांत यावे. त्या वेळी दुकानांत केळीच्या पानात बांधलेले बान तेत रचून ठेवलेले असतात: चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि मांस यांचे लांबट वळे, जे कित्येक तास उकळून शिजवतात. मांसाऐवजी केळे घातलेला शाकाहारी प्रकारही असतो. तो घरी नेऊन दोऱ्याने चकत्या कापाव्यात, दुसऱ्या दिवशी उरलेल्या चकत्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात आणि गरम असतानाच खाव्यात.