उन्हाळी नोंदी: इंजिनाला वारा, अंगाला ओलावा

माझ्या ३४६ सीसीच्या, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक मोटरसायकलवर गेल्या उन्हाळ्यात सुरू केलेले काम यंदाही चालू आहे. चाचणीचा रस्ता तोच आहे: नागपूरहून बुटीबोरी, जांब, वरोरा आणि भद्रावतीमार्गे चंद्रपूर. एअर-कूल्ड, म्हणजे फक्त वाऱ्याने इंजिन गार होणाऱ्या गाडीसाठी याहून कठोर परीक्षा शोधायला मला दूर जावे लागत नाही.

तापणारे इंजिन आणि तापणारा चालक यांचा आपण एकत्रच विचार करतो, परंतु त्यांचे हिशेब उलट दिशांनी जातात, असे माझे ठाम मत झाले आहे. इंजिनाच्या फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्या) १५० अंशांवर आहेत असे धरले, तर २० अंशांच्या हवेशी त्यांचा फरक १३० अंशांचा असतो आणि ४५ अंशांच्या हवेशी १०५ अंशांचा. उष्णता वाहून जाण्याचा वेग साधारणपणे या फरकावर ठरत असल्यामुळे, गाडी धावत असेपर्यंत इंजिनाची थंड होण्याची क्षमता मे महिन्यातही जेमतेम पाचव्या हिश्शाने घटते. आपल्या त्वचेचे तापमान मात्र ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याच्या वर गेली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. तेव्हा शरीराजवळ घाम वाळण्याचा एकच मार्ग उरतो. पुढची सगळी कामे या एका फरकावर बेतलेली आहेत.

मार्च

सुरुवात फिन्सपासून केली. मागच्या पावसाळ्यातला चिखल आणि त्यावर बसलेली तेलकट पुटे रॉकेल व ब्रशने काढली, कारण हा थर उष्णता अडवून धरतो. लेगगार्डला बांधलेल्या बॅगाही उतरवून मागे नेल्या. त्या दिसायला छान दिसतात, पण इंजिनाच्या वरच्या भागावर, म्हणजे हेडवर येणारी हवा अडवतात. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेले १५डब्ल्यू-५० हेच ठेवले. यातील ५० हा आकडा १०० अंशांना तेल किती दाट राहते त्याची श्रेणी दाखवतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तोच आकडा महत्त्वाचा आहे. तेल तापेल तितक्या झपाट्याने त्याचे ऑक्सिडेशन होते, म्हणून बदलण्याची मुदत मी उन्हाळ्यापुरती कमी केली आहे.

अधिक वेळ कार्ब्युरेटरने घेतला, आणि तो देण्यासारखाच होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ पट पुरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक काही प्रमाणात सांभाळून घेतो. जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) चालणाऱ्या कार्ब्युरेटरला तो कळत नाही आणि मिश्रण पूर्वीपेक्षा हलके पडते, म्हणजे हवेच्या मानाने त्यात इंधन कमी पडते. स्पार्क प्लग काढला तेव्हा टोक पांढरट दिसले, ही हलक्या मिश्रणाचीच खूण. मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा सोडत नेल्यावर रंग फिकट तपकिरीकडे आला आणि सिग्नलवरची आयडलिंग स्थिर झाली. या स्क्रूचा परिणाम मुख्यतः आयडलिंगवर आणि कमी थ्रॉटलवर होतो. हमरस्त्यावरच्या वेगासाठी मेन जेटच बदलावा लागेल, ते काम अजून बाकी आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: चकचकीत क्रोम किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा छोटा ठिपका करून कायम त्याच जागी मोजावे, तरच दोन दिवसांच्या नोंदींची तुलना होऊ शकते.

सायलेन्सरच्या बेंडवर गुंडाळायची फायबरची पट्टी मी लावलेली नाही. तिने नडगीला कमी चटका बसतो हे खरे, पण ती ओलावा धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत गंजतो. जाड जीन्स आणि घोट्याच्या वर येणारे बूट मला पुरेसे वाटतात.

एप्रिल

या महिन्यात प्रयोग कपड्यांवर केले. पारा ३५ च्या खाली असताना जाळीच्या जॅकेटला तोड नाही. चाळिशी ओलांडली की तेच जॅकेट घाम इतक्या लवकर वाळवते की त्याचा गारवा अंगाला लागतच नाही आणि शरीरातले पाणी मात्र जात राहते. आता मी आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट भिजवून घालतो, जॅकेटचे अस्तर लावतो आणि हवेला फक्त छातीवरची व पाठीवरची झडप मोकळी ठेवतो. आपल्या घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो: वाळ्याची ताटी ओली असेपर्यंतच त्यातून गार हवा येते. एक लिटर पाणी वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत हा लाभ भरपूर मिळतो. कोकणातल्या दमट हवेत ओला शर्ट ओलाच राहतो. तिकडच्या मित्रांनी जाळीचेच जॅकेट घालावे आणि सावलीत अधिक वेळा थांबावे.

डोक्याला व मानेला ओला दुपट्टा आहेच. त्याची टोके जॅकेटच्या आत घट्ट खोचलेली असावीत, साखळी आणि चाक यांच्याजवळ सुटे कापड फिरकू नये. हेल्मेटची काच उन्हात बंदच ठेवतो, कारण ४३ अंशांचा वारा डोळे काही मिनिटांत कोरडे करतो.

मे, नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस)

आता पहाटे निघून दहाच्या आत पोहोचायचे, दुपारी गाडी काढायची नाही, हा नियम कसोशीने पाळतो. टाकी गळ्यापर्यंत भरत नाही: पेट्रोल दर १० अंशांना जवळपास एक टक्का फुगते, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून आलेले तेरा लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापले तर सुमारे पाव लिटरला जागा लागते. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासतो आणि वाटेत दाब वाढलेला दिसला तरी सोडत नाही. वर्धा रोडवरच्या लांब सिग्नलला इंजिन बंद करतो, कारण उभ्या एअर-कूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर तापलेल्या फिन्सवर पाणी कधीही ओतू नये.

पिण्यासाठी हायड्रेशन बॅगेत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालतो. थांब्यावर ताक किंवा पन्हे घेतो. सोबतच्या चालकाचे बोलणे असंबद्ध झाले किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून त्याला लगेच सावलीत घ्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. अशा वेळी गाडी पुढे नेण्याचा आग्रह कोणीही धरू नये.

पाऊस सुरू होण्याआधी तेल बदलेन आणि मेन जेट एक क्रमांक मोठा लावून त्याच काळ्या ठिपक्यावर पुन्हा मोजेन. रेडिएटरच्या गाड्या चालवणाऱ्यांनी पंख्याची गरम हवा पायांवरून कशी वळवली, ते मात्र मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.