माझा पगार कुठल्या रकान्यात?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कोर्टाची नोटीस आली तेव्हा हे बागेत फवारणीला गेले होते. मी नुकतीच शाळेतून येऊन चहा टाकला होता. पोटगी वाढवून मिळावी असा अर्ज. सहा हजारांचे पंधरा. यांच्या पहिल्या लग्नाचा मुलगा तेव्हा आठवीत होता. आईजवळ चिपळूणला असतो, मला मावशी म्हणतो. सहा हजार ठरले होते २०१८ च्या सुरुवातीला, तो पहिलीत असताना. वाढ मागणं चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. डोकं फिरलं ते एका वाक्यावर : 'सामनेवाले यांची दुसरी पत्नी शिक्षिका असून तिला चांगला पगार आहे.'

म्हणजे मी.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या पगाराक कोण हात लावता, ता बघतंय मी." त्यांचं प्रेम आहे माझ्यावर, पण कायदा त्यांना माझ्याइतकाच ठाऊक.

मग कणकवलीहून गाडी पकडून आम्ही दोघं चिपळूणला वकीलबाईंकडे गेलो. मी पर्समध्ये पगाराची स्लिप घडी करून नेली होती, दाखवायला नव्हे, लपवायलाच जणू. त्या म्हणाल्या, मुलाला पोसायची जबाबदारी आईची आणि बापाची. सावत्र आईवर ती कायद्याने येत नाही, त्यामुळे तुमचा पगार यांच्या मिळकतीत मिळवून त्यावर पोटगी काढता येणार नाही. उलट बाजूलाही तेच. उद्या मुलाच्या आईने लग्न केलं आणि नवरा बोटीवर मोठ्या हुद्द्यावर असला, तरी बापाची सुटका नाही. घटस्फोटित बाईने पुन्हा लग्न केलं तर तिची स्वतःची पोटगी थांबते, मुलाची नाही.

मला हायसं वाटलं. दोनच मिनिटं.

"आता तुमचा खर्च सांगा," बाई यांना म्हणाल्या. हे सांगत गेले : किराणा, वीज, आईची औषधं, आमच्या मुलीची बालवाडी, घराच्या कर्जाचा हप्ता अठरा हजार. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हप्ता कुणाच्या खात्यातून जातो?" माझ्या. "किराणा?" बहुतेक माझाच. "मग हे यांचं ओझं म्हणून मी कसं लिहू? उलटतपासणीत पासबुक समोर ठेवतील." पुढच्या दाराने अडवलेला माझा पगार असा मागीलदारी येऊन बसला. माझा पैसा त्या मुलाला द्यावा लागत नाही, हे खरं. पण मी घर चालवते म्हणून यांच्याकडे जे शिल्लक राहतं, ते बापाचंच, आणि त्याच्याकडे कोर्ट बघू शकतं. यावर रागावायला मला काही जागा सापडली नाही. प्रयत्न केला होता.

तो हप्ता यांच्या खर्चात घालायची कल्पना माझीच होती, हे सांगून टाकते. आदल्या रात्री कागदावर आकडे मांडून मीच यांना पढवलं होतं. चौथीच्या पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारी बाई.

मिळकतीचं शपथपत्र हा निराळाच अध्याय. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथेवर मांडायला सांगितलं. शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना आहे. तो भरताना हे घामाघूम. सातबाऱ्यावर सासूबाई, दीर आणि हे, तिघांची नावं. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, एका डब्यात, त्यातल्या निम्म्यांना वाळवी लागलेली. औषधं, खत, गुरख्यांचा पगार, खोकी, ट्रकचं भाडं वजा केलं की एका वर्षी बरे पैसे, पुढच्या वर्षी तुडतुड्याने मोहोर खाल्ला की काहीच नाही. "महिन्याची सरासरी लिहा," बाई म्हणाल्या. आंब्याची महिन्याची सरासरी! जुलैत आमच्याकडे फक्त पाऊस असतो.

माझी आशा आमच्या मुलीवर होती. दुसरं मूल झालं म्हणजे पोटगी कमी, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यात थोडं तथ्य आहे. २०१७ च्या एका निकालात नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्याला मूलही होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पहिली पत्नी आणि मुलगा यांना मिळून द्यायचे तेवीस हजार वीसवर आणले. बाईंनी हे सांगितलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वीसवर आणले. शून्यावर नाही."

मुलाची आई खासगी दवाखान्यात नर्स आहे. आई कमावती असेल तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरता येतो. २००० सालच्या एका निकालात बाप आणि आई यांचा वाटा दोनास एक असा ठरला होता. हे आमच्या वकीलबाईंनी मांडलं, तिच्या वकिलांनी शाळेची, क्लासची बिलं मांडली. दोन तारखांना तिला बघितलं. व्हरांड्यात बाकावर बसून डबा खात होती, ड्युटीवरून थेट आलेली. आम्ही एकमेकींना नुसत्या माना डोलावल्या.

तिसऱ्या तारखेला तडजोड झाली. दरमहा साडेनऊ हजार, आणि वर्षाची शाळेची फी ३१ मेच्या आत एकरकमी, आंब्याच्या पैशातून. ती मे महिन्याची कल्पना तिची. दहा वर्षं बागायतदाराच्या घरात काढलीत, तिला माहीत आहे पैसा केव्हा येतो.

यंदा मोहोर उशिरा आला. पहिली पेटी अजून गेलेली नाही आणि एप्रिल उजाडलाय. मी माझ्या खात्यातून वीस हजार बाजूला काढून ठेवलेत. यांना सांगितलंय, उसने आहेत, जूनच्या आत परत हवेत. कोर्टाच्या कुठल्याच कागदावर हे येणार नाही. सासूबाईंनाही सांगितलेलं नाही.