लीड, बिलो, एम.बी. : माझं पहिलं टेंडर

"किती बिलो टाकणार, ताई?"

२०२३ च्या जानेवारीत तालुक्याच्या ठिकाणी एका झेरॉक्सच्या दुकानात मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे गृहस्थ वीस वर्षं सरकारी कामं करत होते. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून चार वर्षं एका बिल्डरची साइट सांभाळली होती आणि नुकतीच सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून घेतली होती. लहान कामांच्या वाटपात आमच्यासारख्यांना ३३ टक्के, मजूर सहकारी संस्थांना ३३ टक्के आणि खुल्या ठेकेदारांना ३४ टक्के असा हिशेब असतो. पण लॉटरीत माझी चिठ्ठी निघाली नाही, म्हणून मी एका खुल्या टेंडरकडे वळले. गावातला अंतर्गत सिमेंट रस्ता, ३५० मीटर लांब, ३ मीटर रुंद. लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं खातं, २५१५. आमच्याकडे सगळे त्याला 'पंचवीस पंधराचं काम' म्हणतात.

काँक्रीट मला येत होतं. सळईचं वजन तोंडपाठ होतं, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. अडलं ते शब्दांपाशी. त्या एका रस्त्यात हे शब्द मला जसे कळत गेले तसे इथे लिहिते आहे, कारण ते कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि त्यातला एकेक शब्द हजारो रुपयांचा असतो.

आधी 'बिलो'. आमचं टेंडर बी-१ प्रकारचं होतं. त्यात प्रत्येक बाबीचा दर ऑफिसनेच लिहिलेला असतो. खोदाई अमुक, सोलिंग (खाली रचायचा दगडांचा थर) अमुक, एम-२० काँक्रीट अमुक. आपण फक्त एकच आकडा द्यायचा: या सगळ्या दरांपेक्षा मी किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करीन. कमी म्हणजे बिलो, जास्त म्हणजे अबव्ह. बी-२ मध्ये मात्र प्रत्येक बाबीचा दर आपला आपण भरायचा असतो. हा फरक आधी नीट समजून घ्यावा, कारण बी-१ मध्ये एखाद्या बाबीचा दर परवडत नसेल तरी तो एकटा उचलून वाढवता येत नाही. टक्का पडला की सगळ्या बाबींवर सारखा पडतो.

अंदाजपत्रक हातात आलं तेव्हा शेवटच्या पानावर २० लाख दिसले आणि मी ते २० लाख आपलेच समजून चालले. त्या पानाला रिकॅप म्हणतात आणि ते ओळीने वाचायचं असतं. २० लाख ही प्रशासकीय मान्यतेची रक्कम, म्हणजे शासनाने 'या कामावर इतका खर्च करायला हरकत नाही' असं म्हटलेला आकडा. त्यानंतर होते ती तांत्रिक मान्यता. नकाशा, परिमाणं आणि दर बरोबर आहेत असं त्यात अभियंता सही करून सांगतो. त्या २० लाखांत १८ टक्के जीएसटी होता, चाचण्यांचा खर्च होता, किरकोळ खर्चाची तरतूद होती. हे सगळं वजा केल्यावर उरते ती 'निविदेस ठेवलेली रक्कम'. माझ्या कामात ती १६ लाख ४० हजार होती. टक्का फक्त या रकमेवर लागतो. रस्त्याच्या तोंडाशी फलक लागतो त्यावर मात्र २० लाखच असतात आणि गावातली माणसं तोच आकडा धरून बोलतात. त्यांचंही चूक नाही, त्यांना दुसरा आकडा कुणी दाखवलेलाच नसतो. मी पुढे रिकॅपची प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली.

दर कुठून येतात हेही मला तेव्हा कळलं. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची असते, माझ्या अंदाजपत्रकाला २०२२-२३ ची लावली होती. प्रत्येक दराच्या पोटात साहित्य, मजुरी, यंत्रं आणि ठेकेदाराचा नफा व वरखर्च आधीच धरलेला असतो. म्हणजे मी बिलो जाते तेव्हा सर्वात आधी माझा नफा कापते. ही गोष्ट मला टेंडर भरल्यावर समजली. भरताना मी एवढंच पाहिलं होतं की आसपासची कामं आठ-दहा टक्के बिलो जातात, म्हणून मी नऊ टाकले.

भरायची पद्धत ऑनलाइन. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन लावायचा, लिफाफा क्रमांक एकमध्ये कागदपत्रं, लिफाफा क्रमांक दोनमध्ये दर. दराची एक्सेल फाइल पोर्टलवरूनच उतरवून घ्यायची, तिचं नावसुद्धा बदलायचं नाही. टक्क्याच्या चौकटीशेजारी एक छोटी यादी उघडते, तिच्यात दोनच पर्याय असतात, 'एक्सेस' आणि 'लेस'. त्या रात्री मी ९ लिहिलं, 'लेस' निवडलं, खाली आकडा १४ लाख ९२ हजार ४०० असा उतरला. मी तो कागदावर परत गुणून पाहिला. इथे चुकून 'एक्सेस' राहिलं तर नऊ टक्के कमीच्या जागी नऊ टक्के जास्त होतात, आणि एकदा मुदत संपली की ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

बयाणा रक्कम भरली. हा शब्द आमच्या काकांना चटकन समजला. जमिनीच्या व्यवहारात इसार देतात तसंच, म्हणाले, शब्द फिरवला तर बुडणार. काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत आली, शिवाय कमी दरासाठीची जादा सुरक्षा अनामत. ही दुसरी अनामत मी हिशेबात धरली नव्हती. आईचे दागिने बँकेत गेले.

करारनाम्यात माझा उल्लेख 'मक्तेदार' असा होता. गावात ठेकेदार, वर्तमानपत्रात कंत्राटदार, करारात मक्तेदार. कार्यारंभ आदेशावर मुदत होती सहा महिने, आणि कंसात 'पावसाळ्यासह'. तो कंसातला शब्द मी फेब्रुवारीत वाचला तेव्हा काहीच वाटलं नाही. जूनमध्ये त्याचा अर्थ कळला: पाऊस पडला म्हणून मुदत थांबत नाही.

आता लीड. खाणीपासून कामापर्यंत साहित्य आणण्याचं अंतर म्हणजे लीड. अंदाजपत्रकात एक लीड चार्ट असतो. खडी किती किलोमीटरवरून, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) किती, मुरूम किती, सिमेंट किती, सगळं लिहिलेलं. त्या अंतराप्रमाणे वाहतुकीचा खर्च दरात मिळवतात. माझ्या चार्टमध्ये खडीचं लीड १६ किलोमीटर होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

मार्चमध्ये मी त्या १६ किलोमीटरवरच्या क्रशरवर, म्हणजे खडी फोडतात तिथे, गेले, तर फाटकाला कुलूप. खाण बंद होऊन वर्ष झालं होतं. चालू क्रशर ३१ किलोमीटरवर. ऑफिसात विचारलं तर शाखा अभियंत्यांनी करारातलं कलम समोर ठेवलं. मक्तेदाराने खाणी व अंतरं स्वतः पाहून खात्री केली आहे, त्याबद्दल कोणताही दावा मान्य होणार नाही. खाली माझीच सही. नियमाचंच बोलायचं तर ते बरोबर होतं. पण बंद खाण चार्टमध्ये लिहिणाऱ्यानेही एकदा तिथे जाऊन पाहायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

हिशेब मांडला. इथे 'ब्रास' समजून घ्यावा लागतो. अंदाजपत्रक घनमीटरमध्ये, बाजार ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रकवाला ब्रासवर बोलतो, साहेब घनमीटरवर, आणि मधला भागाकार आपल्याला करावा लागतो. सोलिंग, खडी आणि क्रश सँड मिळून मला साधारण १८० ब्रास लागणार होते. जादा १५ किलोमीटरसाठी ब्रासमागे ४०० रुपये वाढले. ७२ हजार. एका पानावरच्या एका ओळीचे.

काम मात्र मी मन लावून केलं. क्यूब, म्हणजे काँक्रीट तपासायचे ठोकळे, भरले, दीडशे मिलिमीटरचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे. पाणी मारायला माणूस ठेवला. त्यात कुठे कमी केली नाही.

आणि मग काळ्या मातीचा पट्टा लागला. मारुतीच्या देवळापासून पुढे २० मीटर. खोदाई ठरलेल्या खोलीपर्यंत झाली तरी खाली लोण्यासारखी काळी माती. तिच्यावर रस्ता टाकला तर पहिल्याच उन्हाळ्यात तडे. शाखा अभियंता साइटवर आले, पाहिलं, म्हणाले, "आणखी दीड फूट काढा, कडक मुरूम भरा, दाबून घ्या." मी दोन दिवसांत केलं. ०.४५ मीटर खोल, ३ मीटर रुंद, २० मीटर लांब, म्हणजे २७ घनमीटर. रोलर फिरवला, सोलिंग पसरलं, त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, ओतलं.

पहिलं धावतं देयक, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, करायला बसलो तेव्हा साहेबांनी एम.बी. उघडली. मोजमाप पुस्तिका. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही करायची. प्रत्येक ओळीत बाब, नग, लांबी, रुंदी, खोली, परिमाण. तिच्यात जे लिहिलं आहे तेवढंच काम झालं असं सरकार मानतं. आणि त्या २७ घनमीटरची ओळ तिच्यात नव्हती.

"तोंडी सांगितलं होतं, सर."

"सांगितलं होतं. पण मापं घ्यायच्या आधी तुम्ही बुजवलं, मॅडम. मी न पाहिलेली खोली कशी लिहू?"

झाकल्या जाणाऱ्या कामाचं माप झाकण्याआधी घ्यायचं असतं. हे वाक्य करारात आहे. मी ते वाचलं होतं, पण मापं म्हणजे साहेबांचं काम असं धरून बसले होते. बोलावणं माझं काम होतं. एक ओळीचं पत्र द्यायचं, 'अमुक तारखेला बुजवणार आहे, मापं घ्यावीत', आणि पोच घ्यायची.

घरी येऊन आज्जीला सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आमच्या वक्ताला मापं घेतल्याबिगर मुकादम टोपलं हलू देत नव्हता. खडीचा ढीग लावायचा, चौकोनी, वरून सपाट. मापला की मग हलवायचा. तू ढीग मोडलास अन् मग माप मागायलीस." मग जरा वेळाने म्हणाली, "कडंनं उकरून दाव की."

तीच वाट निघाली. रस्त्याच्या कडेची बाजूपट्टी अजून भरायची होती. मी उपअभियंत्यांना लेखी विनंती केली आणि ते आले त्या दिवशी त्या २० मीटरमध्ये तीन ठिकाणी कडेने खड्डे घेतले. पहार, फावडं आणि शेवटी हाताने. काँक्रीटची कड, तिच्याखाली सोलिंगचे दगड, त्याखाली लालसर मुरूम, आणि मग एकदम काळी रेघ. मुकादमाने पाण्याचा तांब्या ओतला तसे रंग उघड झाले. उपअभियंता स्वतः खड्ड्यात गुडघे टेकून बसले, टेप मुरमाच्या वरून काळ्या रेघेपर्यंत धरला. पहिल्या खड्ड्यात ०.४५. दुसऱ्यात ०.४०. तिसऱ्यात, देवळाच्या टोकाला, ०.३०. मी सगळीकडे दीड फूट काढलं असं समजत होते, पण मशीनवाल्याने शेवटी हात आखडला होता आणि माझं लक्ष नव्हतं. सरासरी ०.३८, परिमाण २३ घनमीटर. तेवढे एम.बी.त लिहिले गेले. खाली मी 'मोजमाप मान्य' लिहून सही केली, आणि खरंच मान्य होतं.

जादा परिमाणासाठी कलम ३८ आहे, तेही तिथे समजलं. टेंडरमधल्या परिमाणाच्या २५ टक्क्यांपर्यंत वाढ असेल तर टेंडरच्याच दराने पैसे, त्यापुढच्या वाढीला वेगळा दर. माझी खोदाई मुळात १५७.५ घनमीटर धरलेली, त्यामुळे २३ आत बसले. माझ्या नऊ टक्के बिलो दरानेच.

अंतिम देयक डिसेंबरात निघालं. कपातीच्या ओळी वाचताना 'स्वामित्वधन' हा शब्द पाहून मी थबकले. ती रॉयल्टी. गौण खनिजाच्या वाहतुकीच्या पावत्या जोडल्या नाहीत तर ती बिलातून कापतात. क्रशरवाल्याने रॉयल्टी भरलेली असली तरी पावती आपल्या फाइलला नसेल तर आपण ती पुन्हा भरतो. माझ्या अकरा ट्रिपांच्या पावत्या ड्रायव्हरकडेच राहिल्या होत्या. बाकी कामगार उपकर एक टक्का, आयकर एक टक्का, जीएसटीचा टीडीएस दोन टक्के. टीडीएस पुढे विवरणात परत मिळवता येतो, उपकर जातो तो जातो. सुरक्षा अनामत दोष दायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर मीच दुरुस्त करायची मुदत, संपेपर्यंत तिकडेच. हातात काय उरलं ते विचाराल तर माझा वर्षाचा पगारसुद्धा नाही. पण आईचे दागिने सुटले, आणि रस्त्याला दोन पावसाळे झाले तरी देवळापाशी तडा नाही. त्या बाजूने गेले की गाडी थांबवून तेवढे २० मीटर मी चालत जाते.

गेल्या महिन्यात दुसरं टेंडर पाहिलं. लीड चार्टमध्ये खडी २६ किलोमीटर. दुपारी मोटारसायकलवर निघाले, क्रशरच्या काट्यापर्यंत मीटर २७.४ भरला. क्रशर चालू होता, मालकाकडून ब्रासचा भाव कागदावर लिहून घेतला. रात्री बाबवार हिशेब केला आणि ३ टक्के 'लेस' टाकले. उघडलं तेव्हा मी दुसरी होते. पहिल्याने १४ टक्के बिलो टाकले होते. त्यांचा फोन नंबर मिळवून मी त्यांना तो २७.४ चा आकडा आणि क्रशरवाल्याचा भाव कळवला.