डे-केअर सर्जरीत 'एक मिनिट थांबा' कोण म्हणणार?

डे-केअर सर्जरी म्हटलं की सगळ्यांना वाटतं छोटंसं तर ऑपरेशन, संध्याकाळी घरी, पण एकामागोमाग एक केसेस लागलेल्या असतात आणि सगळ्यांना घाई, गडबड तिथेच होते. डब्ल्यूएचओची सुरक्षित सर्जरीसाठीची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट २००८ पासून आहे, भूल देण्याआधी, कट घेण्याआधी आणि पेशंटला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं, पण कित्येकदा नुसत्या टिका मारून मोकळे (सर्जन अजून हात धुतोय आणि इकडे टाइम-आउट, म्हणजे कट घेण्याआधीचं ते थांबणं, झालेलं, काय अर्थ आहे?). मला विचाराल तर सगळ्यात ज्युनिअर नर्सने "सर, डोळा उजवा की डावा?" विचारलं की तिला ओरडा बसतो का थँक्यू मिळतं, तेवढं बघा, त्या सेंटरचं सगळं कळतं. होता होता टळलेल्या चुकाही लिहून ठेवा, नाव नसलं तरी चालेल. आणि हो, डिस्चार्जच्या सूचना सोबतच्या माणसालाही सांगा, लेखी द्या, भुलीच्या गुंगीतल्या पेशंटला नंतर काही आठवत नसतं.