दोघांची बोट, एकट्याचा पहारा

दोघांच्या बोटीवर दोघं एकाच वेळी जागे असतात ते जेवणापुरते. एरवी एक झोपलेला आणि एक सुकाणूपाशी. शिडाच्या बोटीतलं नवराबायकोचं आयुष्य म्हणजे संध्याकाळचं ऊन, हातात चहा आणि निवांत गप्पा, असं नातेवाइकांना वाटतं. मांडव्यापर्यंत ते खरंही आहे.

आमची बोट 34 फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर आणि आम्ही दादरच्या घरी. एरवी मुक्काम गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बांधून, नाहीतर कोकणातल्या कुठल्यातरी खाडीत. मुरूड, दाभोळ, विजयदुर्ग, मालवण सगळं झालं, पण किनारा कायम डाव्या हाताला होता. आता तो सोडायचाय. मुंबई ते मालदीवच्या उत्तर टोकाचं उलिगन बेट, सुमारे 700 सागरी मैल. 5 नॉटचा, म्हणजे ताशी 5 सागरी मैलांचा, वेग धरला तर दिवसाला 120 मैल, म्हणजे सहा दिवस. वारा पडला तर जास्त.

पश्चिमेला ओमान का नाही, असं बरेच जण विचारतात. 2011 च्या फेब्रुवारीत ‘क्वेस्ट’ नावाची एका अमेरिकन जोडप्याची बोट मुंबईहूनच सलालाकडे निघाली होती. सोमाली चाच्यांनी ती वाटेत पकडली आणि बोटीवरचे चौघंही मारले गेले. आम्ही दक्षिणेला चाललोय.

तयारीची आमची कसोटी एकच: हे काम एकट्याला, म्हणजे मला एकटीला, रात्री दोन वाजता जमेल का? नवरा माझ्यापेक्षा बराच दणकट आहे, त्यामुळे जे मला जमेल ते त्याला जमतंच. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. त्यांना दुसऱ्याला हाक मारायची सोयच नव्हती. आम्हाला आहे, पण प्रत्येक हाकेला दुसऱ्याची झोप मोडते आणि चौथ्या दिवशी दोघंही पेंगुळलेले असतात. समुद्रात वाईट निर्णय बहुतेक अशा वेळीच होतात, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मोठं शीड कमी करायचे सगळे दोर आता मागे, बसायच्या जागेपर्यंत आणलेत. डोलकाठीपाशी जावंच लागत नाही. तरी गेलंच तर कमरेचा पट्टा आधी अडकवायचा, दिवस असो वा रात्र.

सगळ्यात अवघड प्रश्न माणूस पाण्यात पडण्याचा. बोट वळवून त्याच्यापर्यंत पोचणं सरावाने येतं. भिजलेला, थकलेला माणूस वर घेणं ही वेगळी गोष्ट. मांडव्याला नांगर टाकून नवऱ्याने उडी मारली आणि ‘मी बेशुद्ध आहे’ असं जाहीर करून पडून राहिला. हाताने ओढणं अशक्यच होतं. शेवटी शीड चढवायचा दोर त्याच्या पट्ट्यात अडकवला, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या रहाटावर, चार वेढे घेतले आणि सावकाश फिरवत त्याला वर काढला. बेशुद्ध माणूस सगळा वेळ सूचना देत होता.

सामानासाठी मुंबईसारखं गाव नाही. लोहार चाळीत वायरी, नागदेवी स्ट्रीटला नटबोल्ट आणि दारूखान्यात तर अख्खी जहाजं तुकड्या-तुकड्यांनी विकायला असतात. दोर, फेंडर (धक्क्याला बोट घासू नये म्हणून लावायचे गोळे), साखळी तिथून खुशाल घ्यावी. डोलकाठीच्या तारांना लागणारं मात्र काही घेऊ नये. 316 दर्जाचं म्हणून हातात ठेवलेलं स्टील 304 निघालं, तर ते दिसायला तसंच असतं, चुंबकानेही फरक कळत नाही. कळतो तो खाऱ्या पाण्यात गंज धरल्यावर. आमच्या तारा जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवल्यात, तिथला प्रत्येक जोड मी भिंग घेऊन पाहिला. भेग पडते ती तिथेच.

बोटीचं पोट खरवडायला उधाणाची मदत घेतली. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. भरतीला बोट भिंतीला टेकवून बांधायची, ओहोटीला ती कोरडी उभी राहते. मग गुडघाभर चिखलात उतरून शंखशिंपल्यांचा थर काढायचा. पुढच्या भरतीच्या आत आटपायचं. शेजारी आपली होडी घासणारा नाखवा आमचं अँटिफाउलिंग रंगाचं, म्हणजे शंखशिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगाचं, बिल ऐकून बराच वेळ हसत होता.

सॅटेलाइट फोनचा विषय मात्र चटकन संपला. थुराया किंवा इरिडियमचा फोन आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, परदेशी पाहुणेही त्यात अडकलेत. आम्ही नोंदणी केलेला ईपर्ब घेतलाय. संकटात तो 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतो आणि निरोप तटरक्षक दलापर्यंत जातो. आईला रोज फोन येणार नाही, हे तिला आत्तापासून सांगून ठेवतेय.

जेवणाचं खातं सोपं: भाजणी, मेतकूट, कोकम, सुके सोडे आणि कुकरची खिचडी. सिलिंडर मात्र वेगळ्या कप्प्यात, ज्याच्या तळाचं भोक थेट बाहेर उघडतं. गॅस हवेहून जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो.

परीक्षा म्हणून जयगडला जाऊन आलो, एका दमात, शंभरेक मैल. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यावर प्रॉंग्सचं दीपगृह मागे टाकलं, मग खांदेरी. किनाऱ्याजवळ बोंबलाच्या डोल जाळ्यांचे खुंट रोवलेले असतात, अंधारात ते दिसत नाहीत, म्हणून बरंच बाहेर राहिलो. तीन-तीन तासांचे पहारे लावले. माझ्या पहाऱ्यात मासेमारी बोटींची जत्राच होती. लाल, हिरवे, जांभळे दिवे लुकलुकत होते आणि कुठल्या दिव्याचा काय अर्थ ते नियमांच्या पुस्तकात सापडायचं नाही. आसपासच्या बोटींचे रेडिओ संकेत पकडून त्या दाखवणाऱ्या एआयएसच्या पडद्यावर बऱ्याच बोटी नव्हत्याच. डोळे उघडे ठेवणं हाच उपाय. पहाटे मतलई सुटला, जमिनीकडून आणि अपेक्षेपेक्षा जोरात. मी शीड एक घडी कमी केलं, दोर बांधला, पुन्हा बसले.

सकाळी नवरा वर आला, शिडाकडे बघून म्हणाला, “हे कधी केलंस?”

“तू घोरत होतास तेव्हा.”

इतक्या तयारीत मला सगळ्यात जास्त आनंद या एका प्रश्नाचा झाला.

मालदीवच्या वाटेवर मासेमारी बोटी विरळ होतील, पण नाइन डिग्री चॅनल लागेल. लक्षद्वीपची बाकी बेटं आणि मिनिकॉय यांच्यामधली ही फट. आखातातून आणि सुएझकडून श्रीलंकेच्या दिशेने जाणारी मोठी जहाजं इथूनच जातात. तो पट्टा दिवसाउजेडी ओलांडायचा आणि दोघांनी जागं राहायचं असं ठरलंय. ध्रुव तारा मुंबईत क्षितिजापासून 19 अंश वर दिसतो, उलिगनला जेमतेम सातच. जीपीएस बंद पडला तरी आपण किती खाली आलो ते तो सांगेल, ढग नसले तर.

आता कस्टम आणि इमिग्रेशनचे शिक्के तेवढे राहिलेत. ते बसले की पुढची ओहोटी धरून निघायचं, पाणी आपणच बंदराबाहेर काढतं. रात्रीचा पहिला पहारा माझा. मला पहिल्या रात्री बोट लागते, वाऱ्यावर बसलेलं बरं, असं नवरा सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्याला साडेआठलाच झोप येते.