‘स्टीव्ह जॉब्स’: चार थिएटरांत गर्दी, अडीच हजारांत शुकशुकाट

डॅनी बॉयलचा हा सिनेमा ९ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत फक्त चार थिएटरांत लागला आणि दर थिएटरमागे सुमारे १ लाख ३० हजार डॉलरचा गल्ला जमला. २३ तारखेला तो जवळपास अडीच हजार थिएटरांत गेला. त्या शनिवार-रविवारची कमाई ७१ लाख, म्हणजे थिएटरमागे तीन हजारही नाहीत!

सिनेमा आवडला नाही म्हणावं, तर तसंही नाही. सिनेमास्कोरच्या पाहणीत प्रेक्षकांनी ‘ए मायनस’ दिला. २०१३ च्या ॲश्टन कुचरवाल्या ‘जॉब्स’ला ‘बी मायनस’च मिळाला होता. पाहणारे खूश होते, पण पाहायला येणारेच कमी.

माझ्या मते गोची रचनेत आहे. गॅरेजपासून आयफोनपर्यंतची गोष्ट मिळेल म्हणून आलेल्याला इथे तीनच प्रसंग भेटतात, तीन संगणकांच्या अनावरणाचे: १९८४ चा मॅकिंटॉश, १९८८ चा नेक्स्ट, १९९८ चा आयमॅक. तेही कार्यक्रम सुरू होण्याआधीची, पडद्यामागची धावपळ. आयफोन नाहीच. दर वेळी तीच माणसं नेमकी त्याच घाईत हिशेब चुकते करायला येतात, हे काहींना नाटकी वाटलं. आहेच ते नाटकी. मुद्दाम तसं लिहिलंय. जॉब्ससोबत ॲपल सुरू करणारा स्टीव्ह वॉझ्नियॅकही म्हणाला की आपण असं कधी बोललो नव्हतो, तरी सिनेमा त्याला आवडला.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा चित्राचा पोत बघा. पहिला अंक १६ मिमी फिल्मवर, दुसरा ३५ मिमीवर, तिसरा डिजिटल.